झेंडूच्या माळेखालचा सर्व्हर

पत्रक हातात आलं की आप्पा आधी त्याचा तळ बघायचे. मुद्रक कोण, प्रकाशक कोण. नाव नसलं तर न वाचता परत द्यायचे. "खाली नाव न्हाय म्हंजे हे कुणी बोललंच न्हाय," म्हणायचे.

निपाणीतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत छपाईचं यंत्र होतं आणि मागच्या खोलीत आम्ही. आई विड्या वळायची, आप्पा पत्रकं छापायचे. वखारीतल्या बायकांच्या मोर्चाची, चौदा एप्रिलच्या सभेची, सीमाप्रश्नाची, अंगात येणाऱ्या बुवांच्या विरोधातली. मी अक्षरं पत्रकांवरच शिकले. शाळेत निबंध लिहायला सांगितला की मी सुरुवात 'बंधू-भगिनींनो' अशी करायचे आणि शेवटी जाब विचारायचे.

माझ्या लहानपणी एकदा पोलिसांनी यंत्रासकट सगळा छापलेला मजकूर उचलून नेला. यंत्र परत मिळालं, मजकूर नाही. तेव्हापासून आप्पांचा नियम ठरला. प्रत्येक मजकुराच्या तीन प्रती. एक आपल्या घरात, एक मित्राच्या घरात आणि एक अशा माणसाकडे, ज्याच्याशी आपलं पटत नाही. "त्याच्या घरात कोण शोधतंय?" ते म्हणायचे. आमची तिसरी प्रत गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका सावकाराकडे असायची. तो आप्पांना रस्त्यात ओळख द्यायचा नाही, पण प्रती नीट ठेवायचा.

हे सगळं सांगायचं कारण, मी पुढे इंजिनिअर झाले आणि सीमाभागातल्या एका छोट्या विमानतळावर संगणक विभागात कंत्राटी नोकरीला लागले. विमानतळाचं नाव लिहीत नाही. तिथं माझ्या ओळखीची माणसं अजून काम करतात. माझ्याकडे आलेलं पहिलं मोठं काम होतं डीआर प्लॅन लिहिण्याचं. म्हणजे मुख्य सर्व्हर बंद पडला, तर चेक-इन, बोर्डिंग पास, विमानांच्या वेळा दाखवणारे पडदे हे सगळं दुसऱ्या, राखीव सर्व्हरवर किती वेळात आणि कसं चालू करायचं, त्याची लेखी योजना. मी ती महिनाभर बसून लिहिली. राखीव सर्व्हर वेगळ्या इमारतीत हवा, योजनेची छापील प्रत तीन ठिकाणी हवी, त्यातली एक अग्निशमन विभागात हवी, आणि दर सहा महिन्यांनी मुख्य सर्व्हर खरोखर बंद करून तालीम घ्यावी.

"अग्निशमनवाल्यांकडं कशाला?" आमच्या विभागातल्या अण्णांनी विचारलं.

"त्यांचं आणि आपलं पटत नाही म्हणून."

अण्णा खूप हसले. पार्किंगच्या जागेवरून दोन्ही विभागांचं भांडण मी यायच्या आधीपासूनचं होतं. "हे तुझ्या बापानं शिकिवलं व्हय? भारी हाय गं तुझा बाप. त्यास्नी आण एकदा, च्या पाजूया."

अण्णा म्हणजे विभागातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. येळ्ळूरचे. सकाळी शेतात चक्कर मारून स्कूटरवरून यायचे, बुटांना चिखल तसाच. अकरा वर्षं कंत्राटावर. दर काही वर्षांनी कंपनी बदलायची, गळ्यातल्या कार्डाचा रंग बदलायचा, अण्णा तेच. कुठली वायर कुठून निघून कुठं जाते हे त्यांना पाठ होतं आणि ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी लिहून मागितलं की म्हणायचे, "मी हाय की." त्या वर्षी कायम तंत्रज्ञाची एक जागा निघणार होती. अण्णांची फाईल वर गेली होती. वयाची मर्यादा बघता ही शेवटचीच संधी. त्यांनी ते मला एकदाच सांगितलं, जेवणाचा डबा उघडता उघडता. "एवढं वरीस एक बी डाग पडला न्हाय पायजे, पोरी. मग सुटलो."

तालमीचं मात्र कधी जमलं नाही. मुख्य सर्व्हर बंद करायचा तर दोन विमानांच्या मध्ये तासाभराची मोकळीक हवी, आणि ती द्यायला कुणी तयार नसायचं. परवानगीसाठी मी तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा पुढच्या महिन्यात बघू, असं उत्तर आलं.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा असते. विमानाला लावायच्या जिन्यापासून अग्निशमनच्या बंबापर्यंत सगळं धुऊन, हार घालून उभं. दारात कोहळा फोडलेला. आमच्या विभागात टेबलावर पक्कड, पेचकस, वायर तपासायचं यंत्र मांडलं होतं. तेवढ्यावर अण्णांचं समाधान व्हायचं नाही. विभागाचं खरं हत्यार म्हणजे सर्व्हर. पण त्यांचा नियम कडक होता. राबत्या हत्याराची पूजा करायची नाही. हत्यार खाली ठेवायचं, मग हळद-कुंकू, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन झाल्यावरच उचलायचं. ज्याच्या हातानं ठेवलं त्याच्याच हातानं. मुख्य सर्व्हर बंद करता येत नाही. मग राखीव सर्व्हर. दरवर्षी अण्णा मागच्या इमारतीत जाऊन तो बंद करायचे, माळ घालायचे आणि दुसऱ्या दिवशी चालू करायचे.

मला हे त्या दिवशी माहीत नव्हतं. कारण मी पूजेला गेलेच नाही.

मी पूजेच्या विरोधात होते. सरकारी जागेत पूजा का, हा माझा प्रश्न होता आणि तो मी मोठ्यानं विचारला होता. अण्णा म्हणाले, "तू नगं येऊस. तुझ्या वाटणीचा परसाद मी खातो." मी टर्मिनलच्या बाहेर बाकावर बसून राहिले, पाऊणएक तास. आपण काहीतरी तत्त्वाचं करतोय असं मला वाटत होतं. तेवढ्यात मागच्या इमारतीत अण्णांनी राखीव सर्व्हर खाली ठेवला, म्हणजे बंद केला.

दसऱ्याला अण्णांची सुट्टी होती. सकाळी येऊन तो चालू करून जायचं त्यांच्या मनात होतं, पण त्याच पहाटे खानापूरकडे त्यांचे सासरे पडल्याचा फोन आला. ते तसेच तिकडे गेले. चार दिवसांनी परत आले ते सासऱ्यांच्या मोडलेल्या मांडीचा विचार घेऊन. बाकीच्यांनी त्या सर्व्हरला हात लावला नाही, कारण अण्णांनी ठेवलेलं अण्णाच उचलणार. सर्व्हर बंद असल्याची सूचना मेलवर जायला हवी होती. ती जातही होती, आधीच्या कंपनीच्या बंद पडलेल्या पत्त्यावर. नवी कंपनी आल्यावर पत्ता बदलायचा राहिला होता. तो बदलणं माझ्या यादीत होतं.

महिनाअखेरीस मुख्य कार्यालयातून तालमीचा अहवाल मागितला गेला. अण्णांनी मी यायच्या आधीचा एक जुना अहवाल काढला, तारीख बदलली आणि माझ्यासमोर ठेवला. राखीव सर्व्हर ठरलेल्या वेळात चालू झाला, तालीम यशस्वी. घेणाऱ्याची सही, पाहणाऱ्याची सही.

"अण्णा, आपण काहीच केलेलं नाही."

"परवानगी दिली काय त्यांनी? मग अहवाल कशाला मागत्यात? सगळीकडं असंच चालतंय. माझी फाईल टेबलावर हाय गं. आत्ता 'तालीम झाली न्हाय' म्हणून लिवलं तर त्यास्नी कारणच मिळंल."

मी सही केली. पाहणाऱ्याच्या जागी. कागदाच्या तळाला माझं नाव, स्वच्छ अक्षरात. झेंडूच्या फुलांवरून मी पाऊण तास उन्हात बसले होते, आणि या सहीला अर्धं मिनिटही लागलं नाही.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात, एका सकाळी पावणेनऊ वाजता, मुख्य सर्व्हर गेला. आधी पडदे काळे झाले, मग चेक-इनच्या खिडक्यांवरून एकेक फोन यायला लागला. अण्णांनी चालू करून पाहिला, परत पाहिला. "डिस्क गेली," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "राखीववर जाऊया. दहा मिनटांचं काम."

आम्ही दोघं मागच्या इमारतीकडे पळालो. दार उघडलं आणि अण्णा उंबऱ्यातच थांबले.

खोलीत आवाज नव्हता. सर्व्हरच्या खोलीत पंख्यांचा आवाज नसणं म्हणजे काय हे त्या कामातल्या माणसाला सांगावं लागत नाही. यंत्रावर झेंडूची माळ होती, वाळून तपकिरी झालेली. समोरच्या जाळीवर कुंकवाची पाच बोटं. खाली पाकळ्यांचा चुरा.

अण्णांनी माळ दोन्ही हातांनी उचलली, बाजूच्या खुर्चीवर ठेवली आणि बटण दाबलं. त्यांचं बोट बटणावर नको तितका वेळ राहिलं.

यंत्र चालू झालं. वीस मिनिटांनी टर्मिनलमधले पडदे उजळले आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग कुणीतरी हसलं. पडद्यावर खंडेनवमीच्या दिवसाची विमानं दिसत होती. राखीव सर्व्हरला माहीत असलेला शेवटचा दिवस तो होता. त्या दिवसाचे प्रवासी, त्या दिवसाच्या वेळा. त्यानंतरचं त्याच्याकडे काही नव्हतं.

हातानं काम सुरू झालं. प्रवाशांच्या याद्या विमान कंपन्यांकडून फोनवर एकेक नाव ऐकून लिहून घ्यायच्या, बोर्डिंग पास पेनानं भरायचे. योजनेत मी कोरे छापील पास तीनशे ठेवायला लिहिलं होतं. कपाटात चाळीस निघाले. मी खिडकीवर बसून वहीच्या कागदावर पास लिहायला लागले. माझं अक्षर चांगलं आहे. पत्रकांचे कच्चे मजकूर मीच लिहायचे.

रांगेत एक मुलगी होती, साधारण माझ्याच वयाची, लोंढ्याजवळच्या गावातली. नर्स. तिला मुंबईहून दुपारी आखातात जाणारं विमान पकडायचं होतं, दुसऱ्या दिवशी तिथल्या रुग्णालयात हजर व्हायचं होतं. तिनं मला ते तीनदा सांगितलं, दर वेळी आवाज आणखी खाली आणून. मी तिचा पास लिहिला. पण सुरक्षेवरच्या माणसानं वहीचा कागद मान्य करायला वरून हुकूम यायची वाट पाहिली, आणि हुकूम येईतो विमानाची वेळ संपली. पन्नासेक माणसं मागे राहिली. त्यात ती होती.

मी तिच्यापाशी गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ती बॅगेवर बसली होती, हातात माझ्या अक्षरातला पास.

"आक्का, हे असं कसं झालं?" तिनं विचारलं. ती रागावलेली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. "तुमच्याकडं दुसरी सोय नसती का?"

"असते," मी म्हणाले.

"मग?"

मला उत्तर माहीत होतं. खोट्या अहवालासकट ते सगळं त्या सबंध इमारतीत दोनच माणसांना माहीत होतं. मी 'तांत्रिक अडचण' म्हणाले. आजवर पत्रकात ज्या शब्दांची मी टिंगल केली तेच शब्द मी तिच्या हातात ठेवले.

तिसऱ्या दिवशी कंपनीचे साहेब बंगळूरहून आले. तालमीचा यशस्वी अहवाल त्यांच्या समोर होता. यशस्वी असलेला सर्व्हर महिन्याच्या आत बंद कसा सापडतो, एवढाच त्यांचा प्रश्न. त्यांना फार खोलात जायचं नव्हतं, कारण खोलात परवानगी न देणारेही निघाले असते. त्यांना एक नाव हवं होतं. आम्हा दोघांना दोन दिवसांत लेखी जबाब द्यायला सांगितलं.

अण्णांनी जबाबात लिहिलं की वीज कमी-जास्त झाल्यामुळे राखीव सर्व्हर आपोआप बंद पडला असावा. मला तो कँटीनच्या मागं, नळापाशी दाखवला.

"तू बी हेच लिव. दोघांचं सारखं आलं की मिटतंय."

"आणि माळ?"

"माळ मी जाळली."

"अण्णा, ती नर्स…"

"मला ठाव हाय." ते नळाखाली हात धूत राहिले, हात स्वच्छ असताना. "अकरा वर्सं, पोरी. एक चूक. तीबी सासरा पडला म्हणून. तुझं वय हाय, तुला कुठंबी मिळंल. मला कोण घेतंय?"

मी बसनं निपाणीला गेले. आप्पांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते तळाच्या नावाबद्दल बोलतील. छपाईचं यंत्र कधीच विकलं गेलंय, त्या जागी आता आईची शिवणाची मशीन आहे. आप्पा त्या मशीनकडे बघत होते.

"तुझ्या एका खऱ्यानं त्या माणसाची भाकरी जाणार," ते म्हणाले. "आन् तुझ्या खोट्यानं?"

"पुढच्या वेळी परत कुणीतरी बॅगेवर बसणार."

"मग माझ्याकडं कशाला आलीस? मी न्हाय म्हणावं म्हणून?"

खरं होतं ते. मी त्यासाठीच आले होते.

रात्रभराचं काही सांगत नाही. सकाळी मी जबाब लिहिला, हातानं, दोन पानं. तालीम झाली नव्हती. मी न पाहता पाहणाऱ्याची सही केली. परवानगी तीन वेळा नाकारली गेली. सूचनेचा पत्ता बदलणं माझं काम होतं, मी ते केलं नाही. सर्व्हर सकाळी दहा वाजता पूजेसाठी बंद केला गेला आणि चालू करायचा राहिला. कुणी बंद केला ते मी लिहिलं नाही, पण जे वाचतील त्यांना ते विचारायची गरज पडणार नव्हती. एवढ्या चलाखीनं मी स्वतःला फसवू शकले नाही. मग फाडून परत लिहिलं, 'आमच्या वरिष्ठ तंत्रज्ञांनी, दरवर्षीच्या प्रथेप्रमाणे.' खाली माझं नाव.

तीन प्रती केल्या. एक आप्पांच्या ट्रंकेत. एक कार्यालयासाठी. तिसरी घेऊन मी येळ्ळूरला गेले.

अण्णा अंगणात स्कूटर पुसत होते. मी कागद दिला. ते उभ्यानंच वाचायला लागले, ओठ हलवत, एक एक ओळ. वाचून झाल्यावर पहिल्या पानाकडे परत आले.

"सकाळी धा वाजता बंद केला न्हाय मी," ते म्हणाले. "साडेअकरा हुते. दुसरं विमान गेल्यावर. तू तिथं कुठं हुतीस? खरं लिवायचं तर नीट लिव."

मी त्यांच्याकडून पेन घेतलं, तिन्ही प्रतींवर वेळ दुरुस्त करायची असं ठरवलं आणि तिथंच, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून, हातातली प्रत दुरुस्त केली.

"ही तुमच्याकडे ठेवा," मी म्हणाले.

"तिसरी काय?" त्यांनी विचारलं. तो नियम त्यांच्या लक्षात होता. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि आत निघून गेले. मला चहा विचारला नाही. त्या घरात मी कितीतरी वेळा चहा प्याले होते.

पंधरा दिवसांत अण्णांचं कार्ड काढून घेतलं. फाईल परत आली. माझ्या जबाबातल्या परवानगीच्या ओळींबद्दल कुणी काही विचारलं नाही. मला लेखी ताकीद मिळाली आणि ठेवून घेतलं, कारण दोघांना एकदम काढलं तर काम कुणी करायचं. वरून सुधारित योजना लिहायला सांगितली. साहेब म्हणाले, तुझ्यासारखी प्रामाणिक माणसं हवीत. मी त्या वाक्यानं कशी आतून मेले, ते त्यांना कळलं नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत पहिली खरी तालीम झाली. तास मिळाला, दोन विमानांच्या मध्ये. मी मुख्य सर्व्हर स्वतःच्या हातानं बंद केला. राखीव चालू झाला, आजच्या तारखेसकट. पण चेक-इनच्या चारपैकी दोन खिडक्या त्याला जोडल्याच गेल्या नाहीत. वायर कुठं चुकतेय ते नकाशात नव्हतं. ते अण्णांच्या डोक्यात होतं. पंचवीस मिनिटं उरलेली असताना मी त्यांना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. दहा मिनिटं उरली, तेव्हा मी सगळं पूर्ववत केलं.

अहवालात मी 'अयशस्वी' लिहिलं. साहेबांचा फोन आला, 'अंशतः यशस्वी' म्हणूया. मी नाही म्हणाले. माझं कंत्राट जूनमध्ये संपतं. ते वाढवायचं की नाही, हे तेच ठरवणार.

तालमीच्याच दिवशी, दुपारी तीनला, अण्णांचा फोन आला होता.

"शेतात हुतो. काय गं?"

मी सांगितलं. "तीन आन् चार नंबरची खिडकी न्हवं? त्यांची वायर जुन्या बॅगेज खोलीतनं जात्या. तिथं छताला एक पेटी हाय, पांढरी. त्यातली निळी वायर खालच्या खाचेत घाल. मीच काढून ठिवली हुती, गेल्या उन्हाळ्यात."

मी लिहून घेतलं. योजनेच्या बाविसाव्या पानावर ते आता आहे. कुणी सांगितलं ते तिथं लिहिता येत नाही, बाहेरच्या माणसाचं नाव घालायचं नाही असा नियम आहे.

"अण्णा," मी म्हणाले, "रविवारी येळ्ळूरला येऊ का?"

पलीकडून कुणाच्यातरी बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"आत्ता नगं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.